कार्तिएची मनगटी घड्याळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या घराण्याच्या घड्याळांविषयी मला जे प्रश्न सतत येतात, ते इथे एका जागी केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येऊन गेलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. किमतींचे प्रश्न मुद्दाम घेतले नाहीत, कारण हे पान आकारांविषयी आहे आणि माझा खरा जीव त्यांच्यातच आहे.

१. हे घराणं मुळात दागिन्यांचं की घड्याळांचं? आणि नावाचा उच्चार काय?

उच्चार ‘कार्तिए’. शेवटचा ‘र’ फ्रेंचमध्ये म्हणत नाहीत, त्यामुळे ‘कार्टियर’ ऐकू आलं तरी माणूस तेच म्हणत असतो.

घराणं दागिन्यांचं. लुई-फ्रांस्वा कार्तिए यांनी १८४७ मध्ये आपल्या उस्तादांची, आदॉल्फ पिकार यांची, पॅरिसमधली कार्यशाळा चालवायला घेतली, तिथून सुरुवात झाली. १८७४ मध्ये मुलगा आल्फ्रेड गादीवर आला आणि १८९९ मध्ये दुकान रू द ला पे या श्रीमंत रस्त्यावर १३ क्रमांकाच्या इमारतीत गेलं. आल्फ्रेडच्या तीन मुलांनी घराणं जगभर नेलं. लुई पॅरिसला राहिला, पिएरने न्यूयॉर्क सांभाळलं आणि जाकने लंडन. मनगटी घड्याळांची दृष्टी लुईची.

घराणं जवाहिऱ्यांचं होतं ही गोष्ट पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात कामाला येईल. घड्याळजी आधी यंत्र करतो, मग त्याला डबी शोधतो. जवाहिऱ्या आधी कागदावर बाह्यरेषा काढतो आणि त्या रेषेत मावेल असं यंत्र दुसऱ्याकडून मागवतो. कार्तिएचं सगळं वेगळेपण या उलट्या क्रमातून आलं आहे.

२. जगातलं पहिलं मनगटी घड्याळ कार्तिएचं, हे खरं का?

नाही. पॅरिसचे घड्याळजी ब्रेगे यांनी नेपल्सच्या राणीसाठी, कारोलीन म्यूरासाठी, १८१० मध्ये मागणी नोंदवून मनगटावर बांधायचं घड्याळ केलं होतं. पाटेक फिलिप या स्विस घराण्याचं १८६८ चं एक उदाहरणही प्रसिद्ध आहे. पण ही बायकांची कंकणं होती, ज्यांत घड्याळ बसवलेलं असे. पुरुष खिशातलं घड्याळच वापरत आणि मनगटावर काही बांधणं त्यांना बायकी वाटे. बोअर युद्धात सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या पट्ट्यांत अडकवून मनगटावर बांधली, पण ती सोय होती, रचना नव्हे.

कार्तिएचा वाटा असा की पुरुषाच्या मनगटासाठी मुद्दाम आखलेलं घड्याळ त्यांनी लवकर केलं आणि ते दुकानात विकायला ठेवलं. ते म्हणजे सांतोस.

३. सांतोस हा कोण माणूस?

आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ, ब्राझीलच्या कॉफीमळेवाल्याचा मुलगा, पॅरिसमध्ये राहणारा. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्याने आपल्या सहाव्या क्रमांकाच्या हवाईजहाजातून आयफेल मनोऱ्याला फेरी मारली आणि मोठं बक्षीस जिंकलं. १९०६ मध्ये त्याचं ‘१४-बिस’ हे विमान पॅरिसच्या लोकांसमोर उडालं. टोपी, उंच कॉलर, सडपातळ अंग. त्या काळी शहरात त्याला कोण ओळखत नव्हतं?

हवेत असताना दोन्ही हात दांड्यांवर असतात. वेळ बघायला कोटाच्या खिशात हात घालणं धोक्याचं. ही तक्रार त्याने मित्र लुई कार्तिएजवळ केली आणि १९०४ मध्ये लुईने त्याच्यासाठी चौकोनी घड्याळ करून दिलं. लोकांसाठी ते १९११ पासून विकायला आलं.

४. सांतोसच्या चौकटीवर स्क्रू उघडे का ठेवले आहेत? कच्चं काम वाटतं.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने घड्याळ नीट पाहिलेलं असतं.

जवाहिऱ्याच्या धंद्यात जोड लपवणं हीच कसोटी. खडा कशाने धरला आहे ते दिसता कामा नये. त्याच घराण्याने काचेभोवतीच्या चौकटीवर स्क्रूंची डोकी समोर मांडली. ते यंत्रयुग होतं, पॅरिसच्या आभाळात लोखंडी मनोरा उभा होता आणि गिऱ्हाईक विमानं बांधणारं होतं. कार्तिए स्वतःही या स्क्रूंचा संबंध त्याच काळाशी जोडते. १९७८ मध्ये सांतोस स्टीलच्या पट्ट्यासह नव्याने आलं, तेव्हा चौकटीचे स्क्रू पट्ट्याच्या प्रत्येक कडीवरही उतरले. स्टीलवर सोन्याची चौकट, हा त्या काळी धाडसाचा मेळ होता.

एक गोष्ट स्वतः करून पाहा. सांतोस उजेडात थोडं तिरकं धरा. स्क्रूंच्या खाचा उजेड एकेक करून पकडतात आणि सपाट चौकट हलल्यासारखी वाटते. ही करामत कच्च्या हाताची नव्हे.

५. टँकचं नाव खरंच रणगाड्यावरून पडलं का?

घराणं तसंच सांगतं. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच रनो रणगाड्यांवरून १९१७ मध्ये लुईने हे घड्याळ आखलं. रणगाडा वरून पाहिला तर मध्ये चौकोनी धड आणि दोन्ही बाजूंना साखळीपट्ट्यांचे लांब समांतर दांडे दिसतात. टँकच्या डायलच्या दोन्ही बाजूंना तसेच दोन उभे दांडे आहेत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘ब्रांकार’ म्हणतात, म्हणजे स्ट्रेचरचे दांडे. पहिल्यांपैकी एक अमेरिकन सेनापती पर्शिंग यांना दिल्याची हकीकतही सांगितली जाते. विक्रीच्या वहीत टँक १९१९ मध्ये आलं आणि सुरुवातीचे नग फक्त सहा होते.

नावापेक्षा मोठी गोष्ट त्या दांड्यांत आहे. तोपर्यंत बहुतेक मनगटी घड्याळं म्हणजे खिशातल्या गोल घड्याळाला तारेचे कान डाग देऊन जोडलेले आणि त्यांत पट्टा ओवलेला. घड्याळ वेगळं, पट्टा वेगळा, मध्ये कान. टँकमध्ये बाजूचे दांडेच वरखाली पुढे जातात आणि पट्टा त्यांच्यामध्ये बसतो. कान नावाचा भाग उरतच नाही. घड्याळ पट्ट्यातून उगवल्यासारखं दिसतं. आज हे इतकं सरावाचं झालं आहे की तो शोध होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

६. टँकचे इतके प्रकार आहेत, ते कसे ओळखायचे?

पाठ करू नका. प्रत्येक प्रकारात त्या दोन दांड्यांचं काय केलं आहे तेवढं बघा.

मूळचं टँक ‘नॉर्माल’ : कडा धारदार, आकार जवळजवळ चौरस. १९२२ चं टँक ‘लुई कार्तिए’ : थोडं लांबट, दांड्यांची टोकं गोलावलेली. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टँक म्हटलं की हेच येतं. १९२१ चं ‘सँत्रे’ लांब आणि मनगटाच्या वळणाने वाकलेलं. बाजूने पाहिलं तर धनुष्याची कमान दिसते, आणि मला विचाराल तर सगळ्या टँकांत देखणं तेच. १९२२ च्या ‘शिन्वाझ’मध्ये आडवे दांडेही आले, चिनी देवळाच्या दारासारखे.

१९२८ चं ‘आ गिशे’ सगळ्यांत विलक्षण. ‘गिशे’ म्हणजे तिकीटखिडकी. त्यात काटेच नाहीत. सोन्याचा सपाट पत्रा, वर लहान खिडकीत तासाचा आकडा, खाली दुसऱ्या खिडकीत मिनिटं. किल्ली माथ्यावर. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या या घड्याळात तासाचे आकडे खिडकीत उडी मारून बदलतात.

१९३२ चं ‘बास्क्युलांत’ आपल्या चौकटीत कलंडून उलटं होतं, म्हणजे काच आत जाते. १९३६ चं ‘आसिमेत्रिक’ तिरकं, समांतरभुज चौकोनासारखं; बाराचा आकडा उजव्या कोपऱ्यात. गाडी चालवताना स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसावी म्हणून ते केलं, असं सांगतात. अलीकडचं ‘आमेरिकेन’ (१९८९) म्हणजे सँत्रेचा वंश. ‘फ्राँसेज’मध्ये (१९९६) दांडे धातूच्या पट्ट्यात विरघळून गेले. राजकुमारी डायनाच्या मनगटावर सोन्याचं फ्राँसेज होतं.

‘मस्ट’ हा वेगळाच विषय आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

७. डायलवर रोमन चार नेहमीसारखा नसून चार उभ्या रेघा आहेत. ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. मोठ्या घड्याळांच्या डायलवर चार उभ्या रेघांची प्रथा शतकानुशतकांची आहे आणि कार्तिएने ती पाळली. समोरासमोर बघा : आठचा आकडा चार चिन्हांचा आणि जड. त्याच्या समोर चार रेघा असल्या की डायलचा तोल राहतो.

डायलवरच्या बाकीच्या खुणा याच प्रश्नात सांगतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. आकडे सरळ उभे नसतात, सगळे मध्याकडे रोखलेले असतात, म्हणून खालचा सहा उलटा दिसतो. चौकोनी डायलवर ते सगळे सारख्या मापाचे राहू शकत नाहीत. काही ताणले जातात, काही कोपऱ्याकडे झुकतात. हाताने आकडे काढणाऱ्या कारागिराची परीक्षा इथेच. आतली दुहेरी रेघ आणि तिच्यावरच्या आडव्या खुणा म्हणजे मिनिटांचे रूळ, आणि फ्रेंच नावही आगगाडीच्या रुळांचंच. काटे तलवारीसारखे, निळ्या पोलादाचे : पोलाद तापवलं की एका ठरावीक तापमानाला त्यावर निळी झाक येते, त्याच क्षणी थांबायचं असतं. किल्लीवरचा खडा पैलू न पाडलेला, घुमटासारखा. सोन्याच्या घड्याळात साधारण नीलम, स्टीलमध्ये कृत्रिम निळं स्पिनेल, प्लॅटिनममध्ये माणिक. लांबूनही धातू ओळखायला हा खडा उपयोगी पडतो.

८. ‘गुप्त सही’ म्हणजे काय?

रोमन सातच्या किंवा काही मॉडेलांत दहाच्या एका तिरक्या रेघेत ‘कार्तिए’ हे नाव इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नुसत्या डोळ्यांना रेघ फक्त किंचित तुटक वाटते. घड्याळवाल्यांची डोळ्याला लावायची लूप घ्या, घड्याळ खिडकीकडे धरा आणि त्या रेघेपाशी थांबा. अक्षरं वर येतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा श्वास रोखला होता.

पण दोन सावधगिऱ्या. सही आहे म्हणून घड्याळ अस्सल ठरत नाही, चांगल्या नकलांतही ती असते. आणि सही नाही म्हणून नकली ठरत नाही, कारण जुन्या डायलांवर आणि रोमन आकडे नसलेल्या डायलांवर ती नसतेच.

९. घराणं फ्रेंच, मग डायलवर ‘स्विस मेड’ का? आतलं यंत्र कुणाचं?

बाह्यरेषा पॅरिसची, यंत्र स्वित्झर्लंडचं. ही वाटणी सुरुवातीपासूनची. पॅरिसमधले एडमाँ येगर यांच्याशी लुईने १९०७ मध्ये करार केला. येगर यांची यंत्रं स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जू खोऱ्यातल्या लकूल्त्र यांच्या कारखान्यात तयार होत. ती फार पातळ आणि लहान होती, म्हणून लुईला हवे ते आकार काढता आले. दोन्ही नावं जोडून पुढे जे घराणं झालं ते आजही प्रसिद्ध आहे आणि कार्तिएप्रमाणेच रिशमाँ या चैनीच्या वस्तूंच्या स्विस उद्योगसमूहात आहे.

नंतरच्या काळात इतर स्विस कारखान्यांचीही यंत्रं आली. २००१ मध्ये कार्तिएने ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात स्वतःचा मोठा कारखाना उभा केला आणि २०१० मध्ये ‘१९०४ एमसी’ हे आपलं स्वयंचलित यंत्र आणलं. ‘यांची यंत्रं स्वतःची नाहीत’ हा जुना आक्षेप आता अर्धाच उरला आहे. तो पुरा खरा होता त्या काळातही मला त्यात कमीपणा वाटला नाही. वास्तुविशारद विटा स्वतः भाजत नाही.

१०. क्रॅश हे घड्याळ अपघातात वितळलेल्या घड्याळावरून सुचलं, हे खरं का?

गोष्ट रंगतदार आहे. कुणीतरी गाडीच्या अपघातात जळालेलं लांबट अंडाकृती घड्याळ लंडनच्या दुकानात दुरुस्तीला आणलं आणि त्या वितळलेल्या आकारावरून क्रॅश जन्मलं, अशी ती सांगितली जाते. घराण्यातल्याच फ्रान्सेस्का कार्तिए ब्रिकेल यांनी आपल्या आजोबांकडून, म्हणजे लंडनचे शेवटचे कार्तिए जाँ-जाक यांच्याकडून, जे ऐकलं ते वेगळं आहे. १९६७ च्या लंडनमध्ये गिऱ्हाइकांना जगावेगळं काही हवं होतं. जाँ-जाक आणि त्यांचे चित्रकार रूपर्ट एमर्सन यांनी घरातलाच अंडाकृती आकार घेतला, टोकं चिमटली आणि मध्ये मोड दिला. म्हणजे अपघात कागदावर, पेन्सिलीने.

मला ही दुसरी हकीकत अधिक मोलाची वाटते. वाकड्या डबीत सरळ यंत्र बसवायचं, काटे मध्यापाशी फिरायला हवेत आणि तुटक्या वाटणाऱ्या डायलवरही वेळ वाचता यायला हवी. हे जुळवायला किती डायल पुन्हा काढावे लागले असतील याची कल्पना करा. मूळचे नग मोजकेच झाले. त्यांतलं एक २०२२ मध्ये लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं.

११. हिऱ्यांची घड्याळं बायकांची आणि टँक पुरुषांचं, असं आहे का?

टँक सुरुवातीपासून दोघांनी घातलं. जॅकलिन केनेडींचं टँक त्यांना १९६३ मध्ये मेहुणे स्तानिस्लास राझिव्हिल यांनी दिलं होतं. पाठीवर कोरलेल्या मजकुरात २३ फेब्रुवारीची तारीख आणि पन्नास मैलांच्या पायी चालीच्या वेळा आहेत. २०१७ मध्ये ते लिलावात ३,७९,५०० डॉलरना विकलं गेलं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल टँक घालत, पण त्याला किल्ली देत नसत. ते हातावर दिसावं एवढंच त्यांना पुरे होतं.

अंडाकृती ‘बेन्वार’ (अर्थ : न्हाणीचा टब) आणि ‘पाँथेर’ ही घड्याळं बायकांच्या हाती जास्त दिसतात. पाँथेर म्हणजे बिबट्या. १९१४ मध्ये एका लहान घड्याळावर हिरे आणि काळ्या ऑनिक्सचे ठिपके बिबट्याच्या कातडीसारखे बसवले, तिथून हा प्राणी घराण्यात आला. १९३३ पासून दागिन्यांची धुरा सांभाळणाऱ्या जान तूसाँ यांना तर ‘पाँथेर’ हेच टोपणनाव होतं. १९८३ च्या पाँथेर घड्याळात मात्र बिबट्या दिसत नाही. बारीक कड्यांचा पट्टा हातात धरा, पाण्यासारखा ओघळतो. नाव त्या लवचीक चालीचं आहे.

१२. भारताशी या घड्याळांचा काही संबंध?

दागिन्यांचा फार मोठा, घड्याळांचा फार थोडा. हा फरक अनेक लेखांत पुसला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो.

जाक कार्तिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळी भारतात आले आणि संस्थानिकांना भेटले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडेही गेले. राजघराण्याचे दागिने प्लॅटिनममध्ये नव्याने जडवण्याचा विचार तिथे निघाला, पण दरबारच्या जवाहिऱ्यांना तो मानवला नाही. पतियाळाच्या भूपिंदर सिंहांचा १९२८ चा हार तर सगळ्यांना माहीत आहे. कोरलेली पानंफुलं असलेले पाचू, माणकं आणि नीलम एकत्र गुंफायची कार्तिएची प्रसिद्ध शैली आपल्याकडच्या कोरीव खड्यांवरच उभी आहे.

पण सांतोस, टँक, पिंपाच्या आकाराचं तोनो, कासवाच्या पाठीचं तॉर्त्यू या मूळ आकारांत भारत नाही. ते पॅरिसचं काम आहे. ओढूनताणून संबंध लावला तर त्या कोरीव खड्यांमागच्या आपल्या खऱ्या कारागिरांचंही मोल कमी होतं.

१३. ‘मस्ट’ टँक हे खरं टँक का? त्यातल्या बॅटरीवरून लोक नाकं मुरडतात.

खरंच आहे. सत्तरच्या दशकात रोबेर ओक या उद्योजकाने आणि सहकाऱ्यांनी विखुरलेली तीन शहरांची दुकानं एकेक करून विकत घेतली. त्यांनी तरुण गिऱ्हाइकासाठी ‘ले मस्ट’ ही मालिका काढली आणि १९७७ मध्ये त्यात टँक आलं. डबी भरीव सोन्याची नव्हती, चांदीवर सोन्याचा जाड मुलामा होता. डायल काही वेळा आकड्यांशिवाय, एकाच गडद रंगाचे : मद्यासारखा लाल, काळा, निळा. काहींत किल्लीचं यंत्र, काहींत बॅटरीचं.

माझ्या आत्याकडे असं एक आहे, ऐंशीच्या दशकात तिच्या यजमानांनी युरोपातून आणलेलं. पाठीवर बारीक फ्रेंच अक्षरांत चांदी, सोन्याचा मुलामा आणि २० मायक्रॉन असं कोरलं आहे. डाव्या दांड्याच्या खालच्या टोकाला, जिथे तिची बांगडी घासायची, मुलामा झिजून चांदी वर आली आहे. पिवळ्यातून पांढरा असा तो नखाएवढा पट्टा म्हणजे तिच्या मनगटाचा इतिहास आहे.

प्रश्न १ मधला क्रम मानला, म्हणजे रेषा आधी आणि यंत्र नंतर, तर बॅटरीने टँकचं काही बिघडत नाही. २०२१ मध्ये तर रोमन आकड्यांना बारीक भोकं पाडून त्यांतून उजेड आतल्या सौरपेशीपर्यंत पोचवणारं टँक मस्ट आलं. आकडेच खिडक्या झाले आणि चेहरा तसाच राहिला.

१४. पाशा आणि बालाँ ब्लू गोल आहेत. मग ‘आकारांचं घराणं’ कसं म्हणता?

कारण गोलातही त्यांनी काहीतरी मोडलं आहे. १९८५ चं पाशा जेराल्ड जेंटा या नामांकित घड्याळ-रचनाकाराच्या हातचं मानलं जातं. गोल डबीच्या आत मिनिटांचे रूळ चौकोनी आहेत, आणि किल्लीवर स्क्रूचं टोपण असून ते बारीक साखळीने डबीला बांधलेलं आहे. मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या पाशासाठी, म्हणजे सुभेदारासाठी, तीसच्या दशकात पाणी न शिरणारं घड्याळ केलं होतं, ही त्यामागची दंतकथा. दंतकथा म्हणूनच ऐका. २००७ च्या बालाँ ब्लूमध्ये किल्ली डबीच्या कडेतच वेढून घेतली आहे, त्यामुळे रूळ तिथे आत वळतो आणि तीनच्या जागी खळगा पडतो. गोल डायलवरचं ते एक व्यंग काढून टाकलं तर घड्याळ ओळखू येणार नाही.

१५. काटे हवेत तरंगतात ती ‘मिस्ट्री’ घड्याळं मनगटावर येतात का?

येतात. ही मूळची टेबलावरची घड्याळं. मॉरिस कूए या कारागिराने कार्तिएसाठी पहिलं १९१२ मध्ये केलं. काटे स्फटिकाच्या पारदर्शक चकत्यांना चिकटवलेले असतात, चकत्यांच्या कडांना दात असतात आणि यंत्र तळात किंवा चौकटीत लपलेलं असतं. काटा फिरत नाही, अख्खी काच फिरते. युक्तीचं मूळ फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांच्याकडे जातं. २०१३ मध्ये हीच रचना मनगटी घड्याळात आली.

१६. पावसाळ्यात घालता येईल का?

टँकच्या बहुतेक मॉडेलांना ३० मीटरची नोंद असते. त्याचा अर्थ तीस मीटर खोल पोहणं असा नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील, एवढाच. कोकणातला किंवा मुंबईचा जुलै त्यात बसत नाही, आणि चामड्याचा पट्टा तर आठवड्यात बुरसतो. आजचं सांतोस १०० मीटरचं आहे, धातूच्या पट्ट्यासह ते चालेल. जुन्या घड्याळांच्या बाबतीत मूळ नोंद विसराच, पाणी अडवणारं रबर कधीच वाळलेलं असतं.

१७. आजोबांचं टँक सापडलं. आतल्या यंत्रावर कार्तिएचं नाव नाही. नकली आहे का?

लगेच निष्कर्ष काढू नका. येगर यांच्याबरोबरच्या व्यवहारातून ‘युरोपियन वॉच अँड क्लॉक कंपनी’ हे नाव आलं आणि जुन्या अस्सल घड्याळांच्या यंत्रांवर ते कोरलेलं सापडतं (पार्श्वभूमी प्रश्न ९). लंडनच्या डब्यांवर ब्रिटिश हॉलमार्क असतात, पॅरिसच्या डब्यांवर फ्रेंच ठसे. तीन शहरांची दुकानं मधली काही दशकं वेगवेगळ्या हातांत होती, म्हणून तेच मॉडेल तीन तऱ्हांचं दिसू शकतं.

शंका डायलबद्दल धरा. जुने डायल पुन्हा रंगवलेले असतात, त्यावर आकड्यांची जाडी एकसारखी नसते आणि रूळ कोपऱ्यात नीट भेटत नाही. डबीच्या आत क्रमांक असतो. तो टिपून, फोटो काढून कंपनीच्या अधिकृत दुकानातच विचारा. लिलावाच्या पानावरचे फोटो जुळवून घरी निकाल देऊ नका.

१८. हुबेहूब ‘फर्स्ट कॉपी’ घेतली तर काय बिघडतं? आकारच तर आवडतो.

आकार आवडत असेल तर नकलेत तोच मिळत नाही. रूळ, आकड्यांचा झोक, दांड्यांची जाडी यांत केसभर फरक पडला की टँक नुसता चौकोन होतो. शिवाय नाव छापून विकणं ही चोरी आहे. दुसऱ्या कुणाचं नाव प्रामाणिकपणे धारण करणारी, रोमन आकड्यांची चौकोनी घड्याळं आपल्याकडेही चांगली मिळतात. ती खुशाल घ्या, त्यांत काही गैर नाही.

१९. जुन्या टँकला पॉलिश करून घेऊ का? मुलामा पुन्हा चढवू का?

माझं उत्तर : नाही. कारण मी एकदा करून बसलो आहे. एक किल्लीचं जुनं टँक मी एका कार्यशाळेत ‘जरा चमकवून द्या’ म्हणून दिलं. परत आलं तेव्हा चमकत होतं, पण दांड्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. डायल आणि दांडा यांच्यामधली बारीक सावली, जिच्यामुळे दोन वेगळे पृष्ठभाग कळतात, ती गेली. धातू खरवडला की परत येत नाही.

यंत्राची सफाई आणि तेलपाणी जरूर करा, किल्लीच्या घड्याळाला ते दर काही वर्षांनी लागतंच. काच बदलायची असेल तर बदला. डबीला मात्र मऊ कोरड्या फडक्याशिवाय काही लावू नका. मुलाम्याच्या मस्ट टँकलाही हाच नियम. आत्याने मला विचारलं होतं, चांदी दिसते तिथे सोनं चढवून घेऊ का. मी तिला लूप दिली आणि तो पट्टा बघायला सांगितलं. बराच वेळ पाहून तिने घड्याळ पुन्हा हातात चढवलं, त्याच मनगटात, बांगडीच्या वर.